सणापुरता आलेला पाहुणा

नाताळच्या सुट्टीत एका सकाळी माझ्या आठ वर्षांच्या मुलीने मला एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता प्रस्तुत लेख लिहिण्याचा प्रसंग आला. शेजारच्या मुलांबरोबर ती एक जुने इंग्रजी चित्रण पाहत बसली होती. चित्रण अवघ्या काही क्षणांचे. सर्वत्र बर्फ, त्या बर्फात एक निळी पेटी, आणि त्या पेटीला जुंपलेली रेनडियर जातीची हरणे. "बाबा, रथाला घोडे असतात ते ठीक, पण ह्या कपाटाला हरणं कशाला जुंपली?" असा तिचा सवाल होता. मी कचेरीतल्या सवयीने "बघून सांगतो" असे म्हणालो. कचेरीत या दोन शब्दांनी पुष्कळ प्रश्न निकालात निघतात. घरात तसे होत नाही, याचा अनुभव प्रत्येक गृहस्थाला आहेच.

ते चित्रण बीबीसी वन या ब्रिटिश वाहिनीचे, २००९ सालच्या नाताळातले. दोन कार्यक्रमांच्या मधल्या अवकाशात वाहिनी आपले नाव सांगते, त्यासाठी एक छोटेसे चित्र दाखविते. त्याला आपण ओळखचित्र म्हणू. आपल्या दूरदर्शनची फिरत फिरत डोळ्याचा आकार घेणारी ती वलये आणि त्यांच्यासोबत वाजणारी पंडित रविशंकरांची धून ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना ओळखचित्र म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. सणासुदीला आपण दाराला तोरण बांधतो. तसे बीबीसी वन नाताळ आला की आपल्या ओळखचित्राला सणाचा साज चढविते. २००९ साली या तोरणात त्यांनी एक मनुष्य गुंफला होता. डेव्हिड टेनंट या नटाने रंगविलेला 'डॉक्टर' हा तो मनुष्य आणि ती निळी पेटी हे त्याचे वाहन.

हा डॉक्टर म्हणजे ब्रिटनमधील विज्ञानकथेचा सर्वांत लोकप्रिय नायक. त्याचे आडनाव नाही, गाव नाही. तो परग्रहावरचा आहे आणि काळाच्या प्रवाहात मागेपुढे हिंडत असतो. 'डॉक्टर हू' या मालिकेचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित झाला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला होता आणि सारे जग त्या वार्तेने सुन्न झाले होते. म्हणून पुढल्या शनिवारी तो पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. मालिकेची निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट ही तरुण स्त्री होती, आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता वारिस हुसैन. हा वारिस हुसैन जन्माने लखनौचा. चोविसाव्या वर्षी त्याच्यावर ही कामगिरी येऊन पडली होती. इंग्रजांच्या घराघरांत पोहोचलेल्या या नायकाची पहिली पावले अशा रीतीने आपल्याकडच्या एका मुलाच्या देखरेखीखाली पडली.

डॉक्टरचे यान दिसते कसे? रस्त्यावर पोलिसांना दूरध्वनी करण्यासाठी त्या काळी ब्रिटनमध्ये ज्या निळ्या पेट्या उभ्या असत, तशी ती एक पेटी. बाहेरून पाहावे तर दोन माणसे जेमतेम मावतील, आत पाऊल टाकावे तर महालाएवढी जागा. १९६६ साली मूळ नट विल्यम हार्टनेल याची प्रकृती बिघडली, तेव्हा लेखकांनी एक नामी युक्ती योजिली. परग्रहवासी डॉक्टर मरणाच्या दारी पोहोचला की त्याचे शरीर पालटते, असे ठरवून त्यांनी पॅट्रिक ट्राउटन या दुसऱ्या नटाला ती भूमिका दिली. नट बदलतो, नायक तोच राहतो. अवताराची कल्पना ज्यांच्या बाळकडूतच आहे अशा आपल्या वाचकांना यात काही चमत्कारिक वाटणार नाही. मालिका १९८९ साली थांबली आणि २००५ साली पुन्हा सुरू झाली. टेनंट हा त्या परंपरेतील दहावा डॉक्टर.

आता प्रश्न असा की भविष्याच्या या प्रवाशाचा आणि नाताळासारख्या जुन्या सणाचा संबंध काय? सण म्हणजे दरवर्षी त्याच तिथीला मागे वळणे. विज्ञानकथा म्हणजे पुढे धावणे. वरवर पाहता दोघांचे तोंड विरुद्ध दिशांना आहे. पण इतिहास पाहू गेल्यास त्यांची सोयरीक जुनी आहे. चार्ल्स डिकन्सने १८४३ च्या डिसेंबरात 'अ ख्रिसमस कॅरल' ही छोटी कादंबरी प्रसिद्ध केली ती मुद्दाम सणासाठी. तीत एका कंजूष म्हाताऱ्याला तीन भुते एका रात्रीत त्याचा भूतकाळ, वर्तमान आणि अद्याप न आलेला काळ दाखवून आणतात. यंत्र नाही, यान नाही. पण काळाचा प्रवास आहेच, आणि तो नाताळच्याच रात्री घडतो. वर्षाच्या शेवटी मनुष्य गेलेल्या दिवसांचा हिशेब करतो आणि येणाऱ्या दिवसांची धास्ती घेतो. हीच काळप्रवासाची मूळ वासना होय.

पुढे घरात नभोवाणी आली. १९३२ च्या नाताळच्या दिवशी पाचव्या जॉर्ज बादशहांनी नभोवाणीवरून प्रजेला शुभेच्छा दिल्या, तेव्हापासून सणाच्या दिवशी सारे घर एका यंत्राभोवती बसण्याचा परिपाठ ब्रिटनमध्ये पडला. १९५७ साली राणी एलिझाबेथ यांचा संदेश दूरचित्रवाणीवरून दिसू लागला. सण आणि प्रक्षेपण यांची गाठ इतकी घट्ट बसल्यावर त्या दिवशी कोणाला घरात बोलवावे, हा वाहिन्यांपुढचा मोठा प्रश्न होऊन बसला.

१९६५ साली नाताळ शनिवारी आला, आणि शनिवार हा तर डॉक्टरचा वार. त्या वेळी बारा भागांची एक भीषण कथा चालू होती. डालेक नावाचे क्रूर यंत्रदेही शत्रू विश्वाचा संहार करावयास निघाले होते. सणाच्या दिवशी मुलाबाळांना असा संहार कसा दाखवावा? लेखकांनी डालेकांना एका भागापुरती रजा दिली आणि 'द फीस्ट ऑफ स्टीव्हन' या नावाचा हलकाफुलका, विनोदी भाग रचला. त्याच्या शेवटी एक विलक्षण गोष्ट घडली. हार्टनेल कॅमेऱ्याकडे वळला आणि पेला उंचावून त्याने घरोघरी बसलेल्या प्रेक्षकांना नाताळच्या शुभेच्छा दिल्या. कथेची चौकट ओलांडून नायक क्षणभर पाहुणा झाला. टेनंटने हरणे जुंपली ती २००९ साली; परंतु त्या ओळखचित्राचे बीज चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या या एका क्षणात आहे असे मला वाटते.

त्यानंतर चाळीस वर्षे नाताळच्या दिवशी डॉक्टर घरी आला नाही. मालिका पुनरुज्जीवित झाल्यावर २५ डिसेंबर २००५ रोजी तो पुन्हा आला, आणि मग २०१७ पर्यंत त्याने एकही नाताळ चुकविला नाही. पुढे काही वर्षे नववर्षदिनी, आणि २०२३ व २०२४ साली पुन्हा नाताळला, असा त्याचा क्रम राहिला. २००९ च्या ओळखचित्राला आणखी एक करुण किनार होती. टेनंटची निरोपाची कथा त्याच नाताळात सुरू होऊन १ जानेवारी २०१० रोजी संपावयाची होती. म्हणजे हरणांच्या गाडीतून शुभेच्छा देत फिरणारा तो हसरा मनुष्य प्रत्यक्षात निरोप घ्यावयास आला होता, आणि पाहणाऱ्यांना ते ठाऊक होते.

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल की इंग्रजांच्या सणाचे हे कौतुक मराठी मासिकात कशासाठी? त्याचे उत्तर असे की ही सोयरीक आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचली आहे. 'मासिक मनोरंजन'चे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याच्या प्रेमाने त्यांनी 'मित्र' हे नाव घेतले होते. त्यांनी १९०९ साली मराठीतील पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक होते. नाताळ अंकाचा दिवाळी अंक झाला, आणि असा झाला की मूळचे कूळ आपण विसरून गेलो. फराळाच्या ताटाइतकाच दिवाळी अंक आपला आहे असे आज कोणीही मराठी मनुष्य म्हणेल, आणि ते खरेच आहे. दिवाळी जवळ आली की वृत्तपत्रांत अंकांच्या जाहिराती झळकू लागत. मुखपृष्ठाचे चित्र, आतील लेखकांची नावे, एखाद्या कथेचा उत्कंठा वाढविणारा मजकूर. ओळखचित्राचे काम दुसरे काय असते? दूरचित्रवाणी येण्याच्या कितीतरी आधी सणाचे तोरण आपण छापील कागदाला बांधले होते.

त्या कागदावर विज्ञानाचा प्रवासीही लवकरच आला. आणि त्याच्या आगमनाची कथा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस विशेष अभिमानाची आहे. 'केरळ कोकिळ' हे मासिक कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ साली सुरू केले ते पुण्यामुंबईस नव्हे, तर कोचीन येथे. याच मासिकातून १९०० साली ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा 'चंद्रलोकची सफर' हा मराठी अवतार वाचकांपुढे आला. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे बहुधा येथूनच आरंभ करतात. म्हणजे मराठी मनुष्य चंद्राकडे प्रथम निघाला तो मलबारच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या मासिकात बसून! पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मुलांच्या हाती दिले. अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने अद्भुताची गोडी मोठ्यांना लावली, आणि 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकांतून विज्ञानकथेला दरवर्षीचे हक्काचे पान मिळाले.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. परीक्षकांवर नावाचा प्रभाव पडू नये म्हणून जयंत विष्णु नारळीकरांनी आपलीच आद्याक्षरे उलटी करून हे टोपणनाव घेतले होते. पुढल्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या वाङ्मयप्रकाराची आवर्जून दखल घेतली. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले आणि २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. त्यांच्या आणि बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथा वर्षानुवर्षे दिवाळी अंकांतून येत राहिल्या, आणि चकलीच्या तुकड्याबरोबर कृष्णविवराची चव आमच्या पिढीने घेतली.

तथापि एक उणीव मान्य केली पाहिजे. आपल्या विज्ञानकथांत कल्पना पुष्कळ होत्या. पण दरवर्षी त्याच दिवशी दार ठोठावणारा एकच एक नायक नव्हता. दूरचित्रवाणीने तो द्यावयास हवा होता. आमच्या या बेंगळुरात ज्या अंतराळ संशोधन संस्थेचे मुख्यालय आहे, तिने १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकन उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविली. कर्नाटकातील खेडीही त्यांत होती. म्हणजे कित्येक खेड्यांत पडद्यावरचे पहिले चित्र खरोखरीच आकाशातून उतरले. पण त्या पडद्यावर पुढे साऱ्या देशाला एका जागी बसविले ते पुराणातील वीरांनी. १९८७ साली 'रामायण' आले, पाठोपाठ 'महाभारत', आणि रविवारची सकाळ हाच सण झाला. या 'महाभारता'त भीष्म झालेले मुकेश खन्ना १९९७ साली 'शक्तिमान' होऊन आले. पुढल्याच वर्षी केतन मेहता यांचा 'कॅप्टन व्योम' बाविसाव्या शतकातून अवतरला. त्या भूमिकेत मिलिंद सोमण होते. भीष्माचा शक्तिमान झाला यात आपल्या मनाचा सारा इतिहास आला. भविष्यातला वीरसुद्धा आपल्याला पंचमहाभूतांतून आणि योगसाधनेतून उठलेला हवा होता. आणि भाग संपला की तो शक्तिमान मुलांकडे वळून दोन हिताच्या गोष्टी सांगे. १९६५ साली हार्टनेल वळला होता, अगदी तसाच. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. तो माझ्याशीच बोलतो याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

आतापर्यंत सांगितले ते सणाच्या पाहुण्याच्या आगमनाविषयी. तो गेल्यावर त्याचे काय होते, हे सांगण्यासाठी खरे म्हणजे मी लेखणी उचलली आहे.

हार्टनेलने शुभेच्छा दिल्या तो १९६५ चा नाताळ भाग आज जगात कोणाला पाहता येत नाही. चित्रफीत त्या काळी महाग होती. जुन्या कार्यक्रमांचे पुनःप्रक्षेपण करण्यावर नटांच्या करारांची बंधने होती. ठेवावयास जागा अपुरी होती. आणि रंगीत चित्रे आल्यावर कृष्णधवल कार्यक्रम कोण पाहणार, अशी समजूत होती. म्हणून बीबीसीने फिती पुसून पुन्हा वापरल्या. १९७८ च्या सुमारास हा प्रकार थांबला तेव्हा या मालिकेचे फार मोठे नुकसान होऊन गेले होते. नव्वदहून अधिक भाग आजही हरवलेले आहेत. विशेष असे की परदेशी वाहिन्यांना विकलेल्या भागांच्या फिल्मप्रती तरी कोठे कोठे उरल्या. हा नाताळचा भाग मात्र विक्रीसाठी बाहेर काढलाच गेला नाही. सणाची गंमत सणापुरती. उन्हाळ्यात परदेशात ती कोण विकत घेणार? या अगदी शहाण्या विचारापायी त्याची आशाच उरली नाही.

ज्यांनी त्या फिती पुसल्या त्यांना दोष देण्याचे धैर्य मला होत नाही, कारण मी त्यांच्याच जातीचा आहे. सरकारी कचेरीत अभिलेखांचे वर्ग ठरलेले असतात. 'अ' आणि 'ब' वर्गाच्या फायली कायम ठेवावयाच्या. 'क' वर्गाच्या मुदत संपेपर्यंत, फार तर दहा वर्षे. मुदत संपलेल्या फायलींची यादी करणे आणि त्या नष्ट करण्यास योग्य आहेत असे लिहून पुढे पाठविणे, हे काम काही काळ माझ्याकडे होते. एकदा एका गाठोड्यात सण-अग्रिमाचे जुने अर्ज निघाले. दीपावलीसाठी, उगादीसाठी, रमझानसाठी, नाताळासाठी कर्मचाऱ्यांनी घेतलेली उचल आणि तिचे हप्ते. रकमा केव्हाच फिटल्या होत्या; अर्जदारांपैकी बहुतेक निवृत्त झाले होते. एका शिपायाने अर्जाच्या कारणात "मुलीचा पहिला दिवाळसण" एवढेच शब्द लिहिले होते. नियमाप्रमाणे तो कागद 'क' वर्गातलाच होता. मी यादीत त्याचा अनुक्रमांक घातला. माझे चुकले असे आजही म्हणता येणार नाही. तरीही तो अनुक्रमांक मला अजून आठवतो.

याहून मोठा अपराध घरचा आहे. माझे वडील बेळगावी शाळामास्तर होते. नोकरी लागल्यापासून त्यांनी दरवर्षी दोन दिवाळी अंक विकत घेतले आणि वाचून झाल्यावर ते पत्र्याच्या ट्रंकेत रचून ठेवले. आवडलेल्या कथेच्या शिरोभागी ते पेन्सिलीने एक बारीक टिंब देत. त्याहून अधिक स्तुती त्यांनी कशाचीच केली नाही. ते गेल्यावर ती ट्रंक माझ्याबरोबर बेंगळुरास आली. सरकारी निवासस्थानाच्या दोन खोल्या, पलंगाखाली ट्रंक, पावसाळ्यात भिंतीला आलेली ओल. एके वर्षी रंगकामाच्या वेळी मी ते अंक रद्दीवाल्याला देऊन टाकले. त्याने तागडी काढली, मी भावावरून थोडी घासाघीस केली, आणि चाळीस दिवाळ्या किलोच्या हिशेबाने जिना उतरून गेल्या. "सणाचे अंक, वाचून झाले, पुन्हा कोण वाचणार?" असे मी पत्नीला म्हणाल्याचे मला स्पष्ट आठवते. नाताळच्या भागाविषयी लंडनमध्ये कोणी तरी हेच म्हणाले असेल.

या ठिकाणी मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे. सणासाठी निर्माण झालेली वस्तू आपण सर्वांत आधी नष्ट करतो, कारण ती क्षणभराची आहे असे आपण धरून चालतो. राजाज्ञा जपतो, करारपत्रे जपतो, थोरांची चरित्रे जपतो. परंतु एखाद्या समाजाने एखाद्या वर्षी कोणाला आपल्या घरी बोलाविले, कशाला हसला, कशाची भीती बाळगली, भविष्यकाळाचे कोणते चित्र मुलांपुढे धरले, हे त्याच्या सणाच्या कागदांत जितके सापडते तितके राजाज्ञांत सापडत नाही. १९६५ च्या इंग्रज घरात नाताळच्या संध्याकाळी काय चालले होते हे त्या एका उंचावलेल्या पेल्यात होते. आमच्या घरातील चाळीस वर्षे त्या पेन्सिलीच्या टिंबांत होती.

मग काहीच वाचत नाही काय? वाचते, आणि ते कसे वाचते हे पाहण्याजोगे आहे. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, त्या नाताळच्या भागाचासुद्धा. तो बीबीसीने जपला नाही. घरोघरीच्या मुलांनी जपला. दूरचित्रवाणी संचासमोर ध्वनिमुद्रण यंत्र ठेवून त्यांनी निव्वळ आवडीपोटी तो टिपून ठेवला होता. चित्र गेले, पण हार्टनेलच्या शुभेच्छा आजही कानांनी ऐकता येतात. दुसरी गोष्ट अशी की २०१३ साली नऊ हरवलेले भाग सापडल्याची वार्ता आली, ते सापडले नायजेरियातील जोस या गावच्या दूरचित्रवाणी केंद्रात. मूळ घरी पुसले गेलेले दूरदेशी पाठविलेल्या प्रतीत उरले होते.

हे वाचले तेव्हा मला आपलीच आठवण झाली. मराठीच्या अतिप्राचीन शिलालेखांपैकी एक आमच्या कर्नाटकात, श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी आहे. भोसले कुळाचा विस्तृत मराठी इतिहास १८०३ साली दगडावर कोरला गेला तो तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात, आणि मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह तेथीलच सरस्वती महाल ग्रंथालयात सांभाळला गेला. आपण जे महाराष्ट्राबाहेर राहतो ते स्वतःला मूळ प्रवाहापासून तुटलेले समजून हळहळतो. वस्तुतः आपण बाहेर पाठविलेली प्रत आहोत. मूळ घरी काय पुसले जाईल याचा नेम नसतो. आणि म्हणून बाहेरच्या प्रतीची जबाबदारी अधिक असते.

माझ्याही बाबतीत असेच घडले. दोन वर्षांपूर्वी हुबळीची आत्या आमच्याकडे आली. लोणच्याच्या बरणीबरोबर तिने पिशवीतून एक जुना दिवाळी अंक काढला. "तुझ्या बाबानं वाचायला दिला होता रे, परत द्यायचा राहूनच गेला," असे ती ओशाळून म्हणाली. परत न केलेले पुस्तक ही आमच्या घरी निंदेची गोष्ट असे; त्या दिवशी मात्र मी तिला वाकून नमस्कार केला. ट्रंकेतील सारे अंक गेले. बाहेर गेलेला एक तेवढा परत आला. त्यात चंद्रावरील वसाहतीची एक कथा आहे, आणि तिच्या शिरोभागी पेन्सिलीचे एक बारीक टिंब आहे.

वाचकांना माझी विनंती लहानशी आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर, पलंगाखाली, देवघराच्या फडताळात जुने दिवाळी अंक पडून असतील. ते विकण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत एवढी तरी नोंद करावी: अंकाचे नाव, वर्ष, आतील लेखक, आणि घरात तो कोणी वाचला. जमल्यास अंक जवळच्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयात द्यावा. पानांची छायाचित्रे काढून ठेवणे तर आज प्रत्येकाच्या खिशातील यंत्राने साधते. मी हे काम आरंभिले आहे. त्या चाळीस दिवाळ्यांच्या अंकांपैकी जे मला आठवले, त्यांची यादी मी केली आहे. आयुष्यात नष्ट करावयाच्या याद्या पुष्कळ केल्या. गमावलेल्या वस्तूंची ही पहिली.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे राहिले होते. तिला मी सांगितले की त्या पेटीला खरे तर हरणांची गरज नाही. ती स्वतःच काळातून उडू शकते. पण पाहुण्याला सणाच्या दिवशी आपल्या घरी यायचे होते, म्हणून त्याने आपल्याकडची गाडी जोडली. तिला ते पटले. मग तिने आत्याचा अंक उघडला आणि चंद्रावरची ती कथा मोठ्याने वाचून दाखवावी असा हट्ट धरला. तिला मराठी अक्षरे अजून अडखळत लागतात. म्हणून एक परिच्छेद तिने आणि एक मी, असा करार झाला. कथा तीन संध्याकाळी पुरली. शेवटच्या पानावर पोहोचल्यावर ती उठली, आपली पेन्सिल घेऊन आली, आणि आजोबांच्या टिंबाशेजारी तिने आपले एक टिंब दिले.